मीटिऑर, बाबा आणि दोन सॅडलबॅगा: पुण्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने आंबोलीपर्यंत

निघण्याआधी

क्रूझर गाडीवर काय वाट्टेल ते लादता येईल असं लांबून बघणाऱ्याला वाटतं. गाडी लांब, सीट बुटकी, मागचं टायर रुंद. पण मागे माणूस बसणार असेल तर सामानाला जागा उरते ती मोजकीच. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना, बॅकरेस्टच्या मागच्या वीतभर कॅरियरवर, आणि थोडीफार टाकीच्या पाठीवर. माझी गाडी रॉयल एनफिल्डची मीटिऑर ३५०, पेट्रोल-ऑइल धरून १९१ किलो. मागे बसणार होते बाबा. एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत त्यांची नोकरी झाली. ज्या गाड्यांच्या बॉड्या आयुष्यभर जोडल्या, त्या कोकणात ज्या रस्त्यांवर धावायच्या तो किनारा एकदा सलग बघायचा, एवढंच त्यांचं मागणं होतं. गुडघे कुरकुरतात, पण ‘कारने नको, कारमधून काही दिसत नाही’ हेही त्यांचंच म्हणणं.

त्यामुळे सामान किती मावतं हा प्रश्न मी दुसऱ्या नंबरवर ठेवला. पहिला प्रश्न, ते वजन गाडीच्या कुठल्या जागी बसतं.

दुकानात गेलं की आधी टॉपबॉक्स, म्हणजे मागच्या कॅरियरवर बसणारी पेटी, पुढे करतात. त्याला कुलूप लागतं, हेल्मेट आत मावतं, मागच्याला टेकायलाही होतं. रोज ऑफिसला जाणाऱ्याला मीही तोच सुचवेन. पण तो बसतो मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे, आणि वर. क्रूझरचं पुढचं चाक मुळातच पुढे काढलेलं असतं. मागे माणूस, त्याच्याही मागे दहा किलोंची पेटी, म्हणजे पुढच्या चाकावरचा भार कमी होणार, वळणात हँडल हलकं लागणार आणि वेगात मागून झुलल्यासारखं होणार. बाबांनी हे सगळं एका वाक्यात उरकलं. ‘टपावर पोती चढली की घाटात गाडीचं पोट हलतं. वजन खाली ठेव.’ पूर्वी एसटीच्या टपावर शिडीने सामान चढायचं, तेव्हाचा हा अनुभव.

बाजूंना बसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पेट्या वजन खाली ठेवतात हे खरं. पण त्यांचा लोखंडी सांगाडा आणि पेट्या मिळून सामान भरण्याआधीच गाडी जड होते, आणि रुंदी हँडलच्या बाहेर जाते. आम्हाला फेरीबोटीत गाड्यांच्या मधून शिरायचं होतं. लेगगार्डला अडकवायच्या पिशव्या मी हातात घेऊन परत ठेवल्या. हे इंजिन हवेवर आणि तेलावर थंड होतं, त्याच्या तोंडासमोर कापड का उभं करायचं? पाठीवरच्या सॅकचाही विचार केला नाही. क्रूझरवर पाय पुढे असतात, त्यामुळे धक्का थेट माकडहाडावर येतो. त्यात खांद्यावरून लोंबणारं वजन आलं की संध्याकाळी उतरताना पाठ सरळ होत नाही.

राहिल्या कापडी सॅडलबॅगा, मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना लोंबणाऱ्या. वियाटेरा, रायनॉक्स अशा आपल्याकडच्या कंपन्या आता चांगल्या बॅगा बनवतात, त्यामुळे परदेशी मालाच्या मागे धावायची गरज उरलेली नाही. मी बॅग निवडताना तीनच गोष्टी पाहिल्या. तोंड चेनचं नको, गुंडाळून बकल लावायचं हवं. आत वेगळी निघणारी जलरोधक पिशवी हवी. आणि खालचा मागचा कोपरा तिरका कापलेला हवा, म्हणजे उजवीकडे सायलेन्सरपासून अंतर राहतं.

बॅगेपेक्षा महत्त्वाचा तिच्यामागचा स्टे, म्हणजे बॅग चाकात किंवा शॉकअपमध्ये घुसू नये म्हणून बसवलेलं सळीचं कडं. ते आम्ही ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतले. माप मात्र बाबांनी घेतलं, आणि ते बघण्यासारखं होतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी गाडी सरळ धरून उभी, बाबा मागे बसलेले, पायात प्रवासाचेच बूट. त्यांनी दोन्ही पाय फूटरेस्टवर नेहमीसारखे ठेवले, मग मागे सरकून ठेवले, मग थकल्यावर जसे पडतात तसे सैल सोडले. प्रत्येक वेळी टाच जिथे आली तिथे शेजारच्या मुलाने पाठीमागे धरलेल्या पुठ्ठ्यावर खडूने खूण केली. तिन्ही खुणांच्या मागे चार बोटं सोडून त्यांनी रेघ मारली. ‘बॅग या रेघेच्या पुढे येता कामा नये.’ मला बॅगा शक्य तितक्या पुढे हव्या होत्या, कारण वजन दोन चाकांच्या मध्ये राहिलं तर गाडी शांत चालते. पण दिवसभर टाच बॅगेला घासत बसलेला माणूस सारखी बैठक बदलणार, आणि मागच्याने हलणं हे सरकत्या सामानाहून वाईट. रेघ मान्य केली.

वजन लटकवायच्या काट्यावर केलं. दोन्ही बाजूंना साडेपाच किलो, फरक पावशेराच्या आत. जड वस्तू, म्हणजे हत्यारं, पंक्चरचं किट, हवेचा छोटा पंप, चेनचा स्प्रे, बॅगेच्या तळाशी आणि पुढच्या अंगाला. कपडे वर. पंक्चरचं किट तळाशी असूनही हाताला लागावं म्हणून डाव्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात खाली. कॅरियरवर पंचवीस लिटरची गोल टेलबॅग, तिच्यात फक्त हलकं: रेनसूट, चादर, चपला. टाकीवर चुंबकाची छोटी थैली, तीत बाबांची औषधं, कागदपत्रं आणि सुट्टे पैसे. मोठी टँकबॅग क्रूझरला मला पटत नाही. हँडल मागे वळलेलं असतं, पूर्ण वळवलं की त्याचं टोक बॅगेला टेकतं, आणि नेमकं गर्दीत गाडी वळवताना ते नडतं.

पहिला दिवस: पुणे ते हरिहरेश्वर

पहाटे निघालो. आदल्या रात्री मागच्या दोन्ही शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, सी-पान्याने दोन खाचा वाढवला होता, टायरमध्ये दोघांसाठी पुस्तिकेत दिलेली हवा भरली होती. आणखी एक काम सहसा राहून जातं ते हेडलाइटचं. मागे वजन आलं की गाडीचं नाक वर होतं आणि प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो. भरलेली गाडी भिंतीसमोर उभी करून, बाबांना बसवून, दिवा थोडा खाली घेतला.

पिरंगुट, पौड, मुळशी. धरणाच्या कडेला धुकं होतं आणि चहा चांगला मिळाला. इथे पहिली तपासणी. कापडी सामान पहिल्या तीस-चाळीस किलोमीटरमध्ये बसतं, पट्टे अर्धा-पाऊण इंच ढिले होतात. ते ओढले, शेपटं गुंडाळून वेल्क्रोखाली दाबली. पट्ट्याचं सुटं टोक हे चाकाचं आणि चेनचं सगळ्यात आवडतं खाद्य असतं.

ताम्हिणी घाटात गाडी कशी वागते याची उत्सुकता होती. उतारावरच्या वळणात ती आत झुकते तेव्हा मागचं वजन तिच्याबरोबर झुकायला हवं, मागाहून नाही. पहिल्या चार-दोन वळणांतच कळलं की बॅगा गाडीचाच भाग झाल्या आहेत. ब्रेक मात्र लवकर लावावा लागत होता, रिकाम्या गाडीच्या सवयीपेक्षा बराच लवकर. ऑक्टोबर असल्यामुळे धबधबे बारीक झाले होते, पण डोंगर अजून हिरवे होते आणि विळ्याच्या पुढे भात पिवळं पडायला लागलं होतं.

निजामपूर, माणगाव, मोर्बा, म्हसळा, श्रीवर्धन. संध्याकाळी हरिहरेश्वरला घरगुती मुक्काम. खोली वरच्या मजल्यावर होती. मी बॅगा गाडीवरच ठेवल्या, तोंडं उघडून आतल्या दोन पिशव्या उपसल्या आणि एका हातात दोन्ही घेऊन जिना चढले. चिखलाने माखलेल्या बॅगा दुसऱ्याच्या घरात न्याव्या लागत नाहीत, आणि सकाळी पुन्हा पट्टे, बकल, माप हा खटाटोप उरत नाही. आतली पिशवी वेगळी निघण्याचा हा फायदा पाण्यापासूनच्या बचावाइतकाच मोठा आहे.

दुसरा दिवस: हरिहरेश्वर ते गुहागर

सकाळी बाबांनी देवळामागची प्रदक्षिणा केली. तिथल्या पायऱ्या आणि खडक त्यांच्या गुडघ्यांना झेपतील की नाही याची मला धास्ती होती, पण भरती-ओहोटीची वेळ विचारून, सावकाश, काठी न घेता ते करून आले.

बागमांडल्याच्या जेटीवर सावित्रीच्या मुखाशी फेरीबोट लागते, पलीकडे वेश्वी. बोटीची उतरंड पाण्याच्या पातळीप्रमाणे कधी सपाट, कधी चढी असते आणि ओली असते. बाबांना आधीच उतरवलं. भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये, पाय जमिनीपाशी ठेवून, आत घेतली. इथे बुटक्या सीटचा खरा उपयोग कळतो. ७६५ मिलिमीटरची सीट, दोन्ही पाय पूर्ण टेकतात आणि बॅगा खाली असल्यामुळे गाडी कलली तरी सावरता येते. बोटवाल्या मुलाने एका मोटारीच्या आणि कठड्याच्या मधल्या पट्टीत बोट दाखवलं. ‘ताई, बसेल का?’ बसली. सॅडलबॅगा हँडलच्या रुंदीच्या आतच होत्या, हँडल गेलं तिथून गाडी गेली. आमच्यामागे रुंद पेट्यांची एक गाडी होती, तिला पुढच्या फेरीपर्यंत थांबावं लागलं.

बोटीत गाडी साइड स्टँडवर, गिअरमध्ये, आणि डावीकडे झुकलेल्या गाडीला बाबांचा एक हात. लाटेने बोट हलली की भरलेली गाडी स्टँडवरून पुढे सरकू शकते, म्हणून इंजिन बंद करून गिअर ठेवायचाच. बाबा खाडीकडे बघत उभे. वर बाणकोटचा किल्ला दिसत होता. ‘या बाजूला गाडी मुक्कामाला असायची,’ एवढंच म्हणाले आणि बराच वेळ बोलले नाहीत.

वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै. हर्णैच्या बंदरावर लिलाव संपत आला होता. पाण्यात सुवर्णदुर्ग. बाबांना सोडे घ्यायचे होते. सुक्या मासळीचा वास कुठल्याही बॅगेच्या कापडात बसला की निघत नाही, म्हणून घरून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणलाच होता. सोडे डब्यात, डबा पिशवीत, पिशवी टेलबॅगच्या वर जाळीखाली.

दापोलीकडून दाभोळला उतरलो. तिथून वाशिष्ठी ओलांडून धोपावे, मग गुहागर. दाभोळच्या बोटीत बाबांचं चढणं-उतरणं मी नीट पाहिलं, कारण दिवसातून पंधरा-वीस वेळा ते करायचं असतं. मागे बॅकरेस्ट, त्यामागे टेलबॅग. ढोपर न वाकवता पाय मागून फिरवणं अशक्यच. त्यांनी स्वतःच पद्धत बसवली होती: डाव्या फूटरेस्टवर डावा पाय, हात माझ्या खांद्यावर, सरळ उभं राहायचं, आणि उजवा पाय सीटच्या मधून, बॅकरेस्टच्या पुढून, पलीकडे. त्या वेळी पूर्ण वजन एका बाजूला येतं, म्हणून मी दोन्ही पाय रोवून पुढचा ब्रेक धरून बसायचे. बॅकरेस्टच्या पुढे सीटवर काहीही बांधलेलं नव्हतं म्हणून हे जमलं. मागे वयस्क माणूस असेल तर सीटवरची आडवी टाकायची बॅग कितीही सोयीची दिसली तरी घेऊ नये.

तिसरा दिवस: गुहागर ते रत्नागिरी

व्याडेश्वराचं दर्शन, पालशेत, वेळणेश्वर, हेदवीचा दशभुज गणेश. तवसाळच्या जेटीवर जयगडची बोट समोरच लागली होती. शास्त्रीची खाडी पार केली तेव्हा ऊन इतकं होतं की टाकीला हात लावता येत नव्हता. बाबांची औषधं मी टाकीवरच्या थैलीतून काढून डाव्या बॅगेत आत टाकली. टाकी उन्हाने आणि खालच्या इंजिनाने तापते, गोळ्यांना ती जागा दुपारची चांगली नाही.

गणपतीपुळे सोडलं आणि पूर्वेकडे आभाळ भरून आलं. परतीचा पाऊस असाच येतो, समुद्राकडून नाही, सह्याद्रीकडून, दुपार कलल्यावर, गडगडाट करत. रेनसूट टेलबॅगमध्ये सगळ्यात वर होते, दोन मिनिटांत अंगावर चढले. विजा चमकायला लागल्या तेव्हा उघड्या सड्यावर न थांबता वाडीपर्यंत गेलो आणि एका दुकानाच्या पत्र्याखाली उभे राहिलो. पाऊस असा की समोरची माडं दिसेनात. अर्धा तास थांबलो, मग बारीक पावसात आरे-वारे उतरून रत्नागिरीकडे निघालो.

पाण्याच्या बाबतीत मला जे पक्कं वाटतं ते इथे सांगते. रेनकव्हर हा पाऊस अडवायचा उपाय नाही. कव्हर वरून आणि बाहेरून झाकतं, पण सॅडलबॅगेला पाणी लागतं ते आतल्या अंगाने, चाकाच्या फवाऱ्याने, मातीसकट. ते पाणी कव्हरच्या आत साठतं आणि बॅग त्यात बसून राहते. वाऱ्याने कव्हर फुगून निघालं तर ते चाकात जाण्याचा धोका वेगळाच. गुंडाळायच्या तोंडाची पिशवी आतली हवा दाबून काढून, तीन वेढे घालून, मग बकल लावून बंद केली की कव्हरची गरजच राहत नाही. दोन वेढ्यांवर भागवायचं नाही. तीन वेढे बसत नसतील तर पिशवीत सामान जास्त आहे.

रत्नागिरीत बॅगा उघडल्या. बाहेरच्या कापडावर लाल मातीचा थर, आतल्या पिशवीत बाबांचा सदरा घडी मोडल्यासारखासुद्धा झाला नव्हता. त्यांनी तो हातात घेऊन, उलटा करून, शिवणीपाशी बोट फिरवून बघितला आणि मग पिशवीची चिकटवलेली शिवण बघितली. ‘बरं काम केलंय,’ म्हणाले. कारागिराने कारागिराला दिलेली ही मोठी पावती.

चौथा दिवस: रत्नागिरी ते मालवण

सगळ्यात लांबचा आणि सगळ्यात खडबडीत टप्पा. पावस, पूर्णगड, कशेळीचा कनकादित्य, आडिवरे. पावसाळ्यानंतरचे रस्ते, पुलांच्या तोंडाशी उखडलेले, काही ठिकाणी नुसती खडी. मीटिऑरच्या मागच्या शॉकअपची हालचाल मुळात थोडी, वर दोन माणसं. खड्डा चुकला नाही की बॅगा उडून परत आपटतात. सॅडलबॅग वरच्या पट्ट्यांवर लोंबत असते हे खरं, पण तिचा जीव खालच्या पट्ट्यात असतो. तो फूटरेस्टच्या फ्रेमला पुढून आणि स्टेला मागून ताणलेला हवा, नाहीतर बॅग प्रत्येक खड्ड्याला बाहेर फेकली जाते आणि वरची शिवण उसवते.

आडिवऱ्याच्या अलीकडे चहाच्या टपरीवर बेळगावचा एक मुलगा भेटला. त्याचीही क्रूझर, एकटाच, मागे मोठा टॉपबॉक्स. बॉक्सखालची पट्टी वेल्डिंगपाशी चिरली होती आणि बॉक्स एका कुशीवर कलला होता. आत लॅपटॉप, बूट, पाण्याच्या बाटल्या, सगळं जड वरच. बाबा चहा ठेवून उठले.

‘काका, वेल्डिंगवाला कुठे मिळेल जवळ?’

‘राजापुरात मिळेल. आधी बॉक्स रिकामा कर.’

‘सगळा?’

‘सगळा. सीट मोकळी आहे की तुझी. वजन तिथे आण, तुझ्या पाठीला चिकटून.’

मग त्यांनी आमच्या हत्यारांच्या पिशवीतून जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या काढल्या. या पट्ट्या त्यांनी घरून मुद्दाम आणल्या होत्या. बंजी दोरीबद्दल त्यांचं मत फार वाईट आहे. तिचा आकडा सुटला तर डोळ्याला लागतो, आणि ताण आला की ती लांबते, म्हणजे खड्ड्यात सामानाला नाचायला वाव देते. ट्यूबची पट्टी वेढा घालताना ताणायची, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवायचा, शेवटचं टोक वेढ्यांखालून ओढून घ्यायचं. गाठ मारायचीच नाही, रबर रबराला धरतं. त्यांनी रिकाम्या बॉक्सची पट्टी कॅरियरला अशी आवळली आणि मुलाची सॅक सीटवर आडवी बांधली, खालच्या बाजूला त्याची चादर घालून. पंधरा मिनिटांचं काम. मुलाने गाडी हलवून बघितली, बॉक्स हलला नाही. जाताना त्याने बाबांच्या पाया पडायला वाकायला सुरुवात केली, बाबांनी खांद्याला धरून त्याला उभं केलं आणि राजापुरात वेल्डिंग करताना खालून त्रिकोणी तुकडा जोडून घ्यायला सांगितलं.

पुढे जैतापूर, मग वळसा घेत विजयदुर्गाची बाजू, देवगड, कुणकेश्वर. कुणकेश्वरला दिवस मावळला. आचऱ्यावरून मालवणला पोचेपर्यंत काळोख झाला आणि खाली घेतलेल्या दिव्याचा उपयोग झाला.

पाचवा दिवस: मालवण, सावंतवाडी, आंबोली

सकाळी होडीने सिंधुदुर्ग. १६६४ मध्ये महाराजांनी बांधायला घेतलेला हा दुर्ग बाबांनी तटाच्या चुन्याला हात लावत, थांबत थांबत पाहिला. गाडी किनाऱ्यावर होती, बॅगांसकट. कापडी बॅगेला कुलूप नसतं, ही तिची खरी उणीव आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. मी बॅगांच्या कड्यांतून फ्रेमला पातळ तारेचं कुलूप घालते, म्हणजे कोणी उचलून नेणार नाही, आणि मौल्यवान काही आत ठेवत नाही. टाकीवरची थैली खांद्याला लावून बरोबर.

बाजारात खाजा, काजू, मालवणी मसाला, आणि कोकम आगळाच्या दोन बाटल्या. निघतानाच डाव्या-उजव्या बॅगेत वरचा वीतभर भाग मोकळा ठेवला होता तो यासाठी. कोकणातून रिकाम्या हाताने कोण परततं? आगळाची एकेक बाटली एकेका बाजूला, उभी, तळाशी, कपड्यांत गुंडाळून, झाकणाखाली प्लास्टिक घालून. हत्यारं त्यासाठी थोडी वर सरकवली. पुन्हा काट्यावर टांगून बघितलं, दोन्हीकडे सातच्या आसपास. सोड्यांचा डबा आणि चपला कॅरियरवर आधीच होत्या, म्हणून बॅगांमधलं आणखी काही तिथे हलवलं नाही, कारण मागे वजन वाढवायचं नव्हतं. चपला बाबांनी पायात घातल्या असत्या, पण बुटाशिवाय गाडीवर बसायचं नाही हा आमचा नियम, म्हणून त्या होत्या तिथेच राहिल्या आणि एक जुनी चादर घरमालकिणीला देऊन टाकली.

परुळे, म्हापण, वेंगुर्ला, सावंतवाडी. तिथे नातवासाठी लाकडी फळं घेतली. ती हलकी, म्हणून टेलबॅगमध्ये. मग आंबोलीचा घाट. महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी हे एक, आणि ऑक्टोबरातही घाटात ढग उतरले होते. धुक्यात मागून येणाऱ्याला फक्त तुमचा मागचा दिवा दिसतो. टेलबॅग नंबरप्लेट किंवा दिव्यावर लोंबत नाही ना, इंडिकेटर सॅडलबॅगेच्या मागे लपले नाहीत ना, हे मी घाटाच्या पायथ्याशी उतरून, दहा पावलं मागे जाऊन बघितलं. बाबांनी टेलबॅगवर चमकणारी पट्टी चिकटवली होती. त्या संध्याकाळी ती सार्थकी लागली.

सहावा दिवस: आंबोली ते पुणे

आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर, आणि मग महामार्ग. घाट आणि खड्डे संपले की वारा सुरू होतो. मोठा ट्रक शेजारून गेला की आधी हवा ढकलते, मग ओढते. बाजूच्या बॅगा या वाऱ्याला अंग देतात, हे मान्य करायलाच हवं. मी ताशी ऐंशीच्या वर नेली नाही. मीटिऑरला तो वेग सहज पेलतो आणि त्या वेगात गाडी ओढीला लगेच सावरते. निपाणीला तंबाखूचा वास, कोल्हापूरला मिसळ, कराडला पेट्रोल. कराडला हवा तपासली, पट्टे तपासले, आणि बाबा पंपाच्या सावलीत दहा मिनिटं पाय पसरून बसले. खंबाटकीच्या पुढे वाहतूक दाटली आणि गाडी लहान गिअरमध्ये रांगत पुण्यात शिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅगा उतरवल्या. बकलांच्या खाचांत वाळू आणि मीठ बसलं होतं, ते साध्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने काढलं. खाऱ्या हवेतून आल्यावर हे लगेच नाही केलं तर बकल पुढच्या वेळी अर्धवट लागतं आणि कळतही नाही. स्टेच्या सळीवरचा रंग दोन ठिकाणी उडाला होता, डाव्या बाजूचा खालचा बोल्ट एक आटा ढिला झाला होता. बाबांनी तिथे स्प्रिंग वॉशर घातला आणि उजव्याचाही तोच बदलला. टेलबॅग मी आता पंधरा लिटरची घेणार आहे. पंचवीस लिटर पूर्ण कधीच भरली नाही, आणि मोठी बॅग असली की तिच्यात काहीतरी टाकलं जातंच. मोकळ्या झालेल्या कॅरियरवर बाबांना बॅकरेस्टची गादी दोन इंच मागे सरकवून हवी आहे. फॅब्रिकेशनवाल्याला शनिवारी बोलावलं आहे.